ढोलाविना हातोडी

फार मागची गोष्ट आहे. तेव्हा राजा कोण होता, त्याची राजधानी कुठं होती, हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. पण त्याच्या राज्यात डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात तांबटांची एक आळी होती, एवढं नक्की.

आळीत दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत हातोड्यांचा ठणठणाट चाले. हंडे, घागरी, पराती, घंगाळी, सगळ्यांवर एकदम ठोके पडत. लोकांना त्याची इतकी सवय झाली होती की तो आवाज थांबला तरच ते दचकून बाहेर येत.

याच आळीत हैबती राहायचा. तिशी ओलांडलेला, धडधाकट, रुंद खांद्यांचा माणूस. तो बोलायचा कमी आणि बोलला तर सरळ बोलायचा. शेजारणीनं विचारलं, "कशी झालीय भाजी?" तर तो म्हणायचा, "खारट." बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणं त्याला जमत नसे. बघितलं की शब्द विसरायचे. चारचौघं हसायला लागले की कशाला हसतात ते त्याला कळायचं, पण उशिरा, सगळ्यांचं हसून झाल्यावर. जेवायला तीच वाटी लागे, बसायला तीच जागा. पाहुणा त्या जागेवर बसला, तर तो उठेपर्यंत हैबती अंगणात उभा राही.

आणि आवाज! स्वतःच्या हातोडीचा आवाज त्याला चालायचा, कारण ठोका कधी पडणार ते त्याला ठाऊक असे. पण साऱ्या आळीचे ठोके एकत्र झाले की त्याच्या डोक्यात जणू खिळे ठोकले जात. म्हणून तो थोरल्या भावाच्या, राणोजीच्या घरामागच्या परसात एकटा बसून काम करायचा. काम चांगलं करायचा. फार अलौकिक नाही, पण चांगलं. त्याच्या घागरीला गळती नसे.

आज अशा स्वभावाला स्वमग्नता म्हणतात. तेव्हा हा शब्द नव्हता. अशी माणसं मात्र तेव्हाही होती.

आळीची एक जुनी रीत होती. तांबटाचा मुलगा काम शिकून तयार झाला की जत्रेच्या दिवशी सगळ्या आळीसमोर मुकादम त्याच्या हातात हातोडी द्यायचा. ढोल वाजायचे. नव्या तांबटानं मुकादमाच्या डोळ्यांत बघून शपथ घ्यायची, 'खोटं तांबं वापरणार नाही, आळीचं नाव घालवणार नाही.' मग सगळे जण त्याच्या पाठीवर थापा मारायचे. एवढं झालं की त्याला आळीच्या सामाईक मोठ्या छपराखाली कामाला बसायला स्वतःची जागा मिळे आणि आपल्या भांड्यावर स्वतःची खूण उमटवायचा हक्क मिळे. ज्यानं अशी हातोडी घेतली नाही, त्यानं जन्मभर दुसऱ्याच्या हाताखाली राबायचं.

हैबतीच्या मागून आलेल्या पोरांनी हातोड्या घेतल्या, त्यांची लग्नं झाली, त्यांच्या घागरी त्यांच्या नावानं गावोगाव गेल्या. हैबतीच्या घागरीवर खूण असायची राणोजीची.

त्याची आई येसाबाई रोज त्याला समजवायची. "अरे, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. तेवढा एक दिवस इतरांसारखा वाग. मग बैस तुझ्या कोपऱ्यात."

हैबतीनं मनावर घेतलं. पुढच्या जत्रेपर्यंत त्यानं एकच ध्यास घेतला, इतरांसारखं दिसायचं. राणोजी जसा हसायचा तसं हसणं त्यानं परसात एकट्यानं घोकलं. डोळ्यांत बघता येत नाही, तर भुवयांच्या मधोमध बघायचं, म्हणजे समोरच्याला फरक कळत नाही, हे त्यानं शोधून काढलं. 'काय पाहुणे, बरं आहे ना?' हे वाक्य चालीसकट पाठ केलं. बारशाला गेला, लग्नांना गेला, पंगतीत बसला. लोक म्हणाले, "हैबती सुधारला हो!" आणि प्रत्येक वेळी घरी आल्यावर तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. त्याला भूक लागायची नाही. आई विचारायची, "काय होतंय?" तो म्हणायचा, "दमलोय." कशानं दमलोय, हे त्याला सांगता यायचं नाही.

जत्रेचा दिवस आला. हैबती नवं मुंडासं बांधून गर्दीच्या मधोमध उभा राहिला. तो सगळ्यांबरोबर हसला. त्यानं 'बरं आहे ना' विचारलं. मुकादम दौलतराव हातोडी घेऊन पुढं आले. हैबतीनं त्यांच्या भुवयांच्या मधोमध नजर रोवली आणि शपथेचा पहिला शब्द उच्चारला.

तेवढ्यात ढोल सुरू झाले. कुणीतरी मागून पाठीवर जोरात थाप मारली. मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं.

पुढं काय झालं ते हैबतीला नीट आठवत नाही. तो भानावर आला तेव्हा एका बैलगाडीखाली होता. दोन्ही कान हातांनी गच्च दाबलेले आणि सारं अंग मागंपुढं झुलत होतं. गाडीभोवती लोक वाकून वाकून बघत होते. काही हसत होते. एक जण म्हणाला, "भूतबाधा आहे." दौलतराव आळीतल्या लोकांकडे वळून शांतपणे म्हणाले, "याला हातोडी देता यायची नाही. याचा नाद सोडा." ते काही दुष्ट नव्हते. त्यांना खरंच तसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच हैबती घरातून निघाला आणि डोंगराची वाट चढू लागला. कुठं जायचं ते त्यानं ठरवलं नव्हतं. जिथं कुणी नसेल तिथं, एवढंच.

खिंडीत एक पाणपोई होती. भानबा नावाचे एक म्हातारे गृहस्थ ती चालवायचे. हैबती दगडावर बसला, तसा भानबांनी पाण्याचा तांब्या आणून त्याच्या बाजूला ठेवला आणि ते आपल्या जागी जाऊन बसले. कुठले, कोण, कुठं निघालात, काही नाही. हैबतीकडे त्यांनी नीट बघितलंही नाही. समोरच्या दरीकडे बघत ते हातातला एक गुळगुळीत खडा बोटांत फिरवत राहिले.

बराच वेळ दोघं तसेच बसले. हैबतीचं अंग पुन्हा झुलायला लागलं. त्यानं ते दाबून धरलं.

"झुलू दे," भानबा दरीकडे बघतच म्हणाले. "त्यानं बरं वाटतं. मी खडा फिरवतो, तो त्याचसाठी."

हैबती थबकला. मग हळूच म्हणाला, "तुम्हालाही आवाजांचा त्रास होतो?"

"होतो."

"डोळ्यांत बघता येत नाही?"

"नाही. आत्ता आपण दोघं एकमेकांकडे न बघता बोलतोय. काही बिघडलं का?"

हैबतीनं विचार केला. खरंच काही बिघडलं नव्हतं. आपल्यासारखं दुसरं कुणी जगात असेल, असं त्याला आजवर वाटलंच नव्हतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि भानबांनी त्याबद्दलही काही विचारलं नाही.

हैबती खिंडीत राहिला. तो विहिरीवरून पाणी आणायचा, भानबा रांजण भरायचे. बोलण्यासारखं असलं तर बोलायचे, नसलं तर गप्प. काही दिवसांनी हैबतीला पुन्हा भूक लागू लागली. मग एका दुपारी त्यानं जत्रेची सगळी हकीकत सांगितली.

ऐकून भानबा म्हणाले, "तुला एक सांगतो. तुझ्या वयाचा होतो तेव्हा हे मला कुणी सांगितलं नाही. तू मोडलेला नाहीस. तुझं काही दुरुस्त करायचं राहून गेलेलं नाही. तू वर्षभर दुसऱ्या माणसाचा अंगरखा घालून फिरलास, तो तुला काचला, बस्स. दमलास तो त्यानं."

"मग मी आता इथंच राहतो," हैबती म्हणाला.

भानबांनी खडा फिरवायचा थांबवला. "राहा. मी नाही म्हणणार नाही. पण तुला खरं सांगू? मी इथं पळून आलो. आणि पळून आलेला माणूस रोज थोडा पळतच असतो. मला सूत कातायला, विणायला फार आवडायचं. माझा माग तिकडं गावातच राहिला. तुला काय आवडतं?"

"तांबं," हैबती लगेच म्हणाला. "पत्रा गरम असताना त्याचा रंग बदलतो ते. आणि ठोक्याखाली तो वळतो ते."

"इथं तांबं नाही, हैबती."

"पण तिथं मला जागा नाही."

"मागितलीस का कधी?"

हैबती गोंधळला. "मागायची? मी तर वर्षभर..."

"वर्षभर तू दुसरा कुणीतरी व्हायला बघत होतास. तुला काय लागतं ते सरळ शब्दांत कधी सांगितलंस का कुणाला?"

"नाही म्हणाले तर?"

"म्हणतील ना! मग पुन्हा माग."

हैबती गावात परतला तेव्हा येसाबाई दारातच धान्य निवडत होती. सूप टाकून ती धावत आली आणि त्याला मिठी मारायला गेली. मग अंगाला हात लावलेला त्याला सोसत नाही, हे तिला आठवलं. ती हातभर अंतरावर थांबली.

"बरा होऊन आलास का रे?"

"नाही आई. मी आजारी नव्हतोच. मी सोंग करायचं सोडून आलोय."

येसाबाई खाली बसली. सूप पुन्हा पुढं ओढून खडे वेचू लागली. मग म्हणाली, "तू तान्हा होतास तेव्हा शेजारी ठोका पडला की किंचाळायचास. मी तुला घेऊन ओढ्याकाठी जाऊन बसायची. मला तेव्हाच कळलं होतं. पण लोक काय म्हणतील या भीतीनं मी तुलाच बदलायला निघाले. चुकलं माझं."

"ओढ्याकाठी मला बरं वाटायचं," हैबती म्हणाला. आईला माफ करायची त्याची हीच रीत होती, आणि तिला ती कळली.

त्याच दिवशी हैबती दौलतरावांच्या ओसरीवर जाऊन उभा राहिला. जमिनीकडे बघत म्हणाला, "मुकादम, मला हातोडी हवी. ढोल नकोत. थापा नकोत. शपथ मी घेईन, पण भांड्याकडे बघून घेईन. छपराखाली मला ओढ्याकडची कडेची जागा द्या. मी कानात कापूस घालून बसेन. कुणाला काही सांगायचं असेल तर समोर येऊन सांगा, मागून हात लावू नका. आणि मी मध्येच उठून गेलो तर रागावून गेलो असं समजू नका. मी परत येईन."

दौलतरावांनी कपाळाला हात लावला. "अरे, वाडवडलांची रीत आहे ती. तुझ्या एकट्यासाठी कशी मोडू? तुझ्यात असं काय विशेष आहे?"

"विशेष काही नाही," हैबती म्हणाला. "मी इतरांसारखीच घागर करतो. इतरांसारखीच जागा मागतो."

"नाही," दौलतराव म्हणाले.

पुढच्या बाजाराच्या दिवशी हैबती पुन्हा ओसरीवर उभा राहिला. शब्द तेच. उत्तर तेच. त्याच्या पुढच्या बाजाराला पुन्हा गेला. आळीतली माणसं चेष्टा करू लागली, "निघाला बघा हैबती!" राणोजी वैतागला. "किती हसं करून घेशील? माझ्या खुणेखाली उपाशी आहेस का तू?"

"नाही दादा. उपाशी नाही. पण घागर माझी आहे."

राणोजी हातोडी उचलून पुन्हा कामाला लागला.

उन्हाळा गेला, पाऊसकाळ गेला. हैबती जात राहिला. एखाद्या दिवशी पाय जड व्हायचे. तरी जायचा. त्याला हट्टी म्हणणारे लोक होते. पण तोच हट्ट आता त्याच्या कामी येत होता.

अखेर दौलतराव कंटाळले. "मी एकटा कोण ठरवणारा? आळीच्या सभेत सांग. सगळ्यांसमोर. सभा देईल तर माझी ना नाही." हा माणूस सभेत तोंड उघडायचा नाही, अशी त्यांची खात्री होती.

सभा मोठ्या छपराखाली भरली. सगळी आळी लोटली होती. हैबती मध्ये उभा राहिला. त्यानं कानात कापूस घातला होता आणि दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरले होते. त्यानं तोंड उघडलं. शब्द आले नाहीत.

कुजबुज सुरू झाली. येसाबाई उठली. "मी सांगते त्याच्या वतीनं..."

हैबतीनं हात वर केला. आई थांबली. तो उभाच राहिला. त्याचं अंग झुलायला लागलं, आणि या वेळी त्यानं ते दाबलं नाही. सगळ्यांसमोर झुलू दिलं. कुणीतरी फिस्सकन हसलं. हैबती झुलत राहिला, वाट बघत राहिला, आणि हळूहळू शब्द आले.

"गेल्या जत्रेत मी गाडीखाली बसलो होतो," तो म्हणाला. "तुम्ही सगळ्यांनी पाहिलं. मला त्याची लाज वाटत होती. आता वाटत नाही. तुम्हाला जो ढोल आनंदाचा वाटतो, तो मला मार बसल्यासारखा लागतो. मी डोळ्यांत बघत नाही, म्हणजे मी खोटा नाही. मी खोटं बोलत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. भाजी खारट असली तर मी खारट म्हणतो." एक दोघं हसले, पण ते हसणं वेगळं होतं. "मला तुमच्यात बसायचं आहे. मला तुम्ही आवडता. फक्त कडेला बसायचं आहे. एवढंच."

एवढं बोलून हैबती कडेला सरकला.

मग मागच्या बाजूनं कुणीतरी उठलं. ते रायाजी होते, आळीतले सगळ्यात जुने कारागीर. साठी उलटलेले, पांढऱ्या मिशांचे. कुणाच्या लग्नाला जात नसत, कुणाच्या ओसरीवर टेकत नसत. सगळी आळी त्यांना गर्विष्ठ म्हणायची.

"माझंही तसंच आहे," रायाजी म्हणाले.

लोकांनी माना वळवल्या. रायाजी छपराच्या खांबाकडे बघत बोलत होते.

"तरुणपणी मी हातोडी घेतली. ढोलांत उभा राहिलो, कसाबसा. त्यानंतर कितीतरी दिवस माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. तेव्हाच ठरवलं की पुन्हा माणसांत जायचं नाही. तुम्ही गर्विष्ठ म्हणालात. मी म्हणू दिलं. वेडा म्हणण्यापेक्षा ते बरं वाटलं. बायको गेली तेव्हा तुमच्यापैकी कुणी मला भेटायला आलं नाही. चूक तुमची नाही. मी कधी सांगितलंच नव्हतं. हा हैबती माझ्या निम्म्या वयाचा. जे मला जन्मात जमलं नाही ते त्यानं आज केलं." ते थांबले. "त्याला जागा द्या. आणि जमलं तर त्याच्या शेजारी मलाही द्या."

रायाजी खाली बसले. येसाबाईनं पदर तोंडाला लावला होता.

दौलतराव उठले. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा, पण हळू आवाजात म्हणाले, "मी रात्रंदिवस वाडवडलांची रीत वाडवडलांची रीत म्हणत होतो. रीत हातोडी देण्याची आहे. ढोल आपण हौसेनं वाजवतो." मग हैबतीसमोर येऊन, चार पावलं दूर थांबून त्यांनी विचारलं, "कधी हवी तुला हातोडी?"

"उद्या," हैबती म्हणाला. "सकाळी. काम सुरू व्हायच्या आधी."

दुसऱ्या दिवशी सकाळी छपराखाली येसाबाई, राणोजी, रायाजी आणि मुकादम, एवढीच माणसं होती. हैबतीनं समोरच्या घागरीकडे बघत शपथ घेतली. एकही शब्द अडखळला नाही. दौलतरावांनी हातोडी त्याच्या हातात दिली आणि थापेसाठी उचललेला हात वाटेतच थांबवून स्वतःच्या छातीवर ठेवला. तेव्हापासून ज्यांना थाप नको असे, त्यांच्यासाठी आळीत छातीवर हात ठेवायची पद्धत पडली.

सगळंच काही गोड झालं नाही, हेही सांगायला हवं. चेष्टा करणारे एक दोघं शेवटपर्यंत चेष्टाच करत राहिले. हैबतीचे काही दिवस वाईट जायचे. तो काम टाकून ओढ्यावर जाऊन बसायचा. पण तो परत येतो, हे आता सगळ्यांना माहीत झालं होतं. कुणी त्याच्या मागं जात नसे आणि कुणी त्याची जागा घेत नसे.

त्यानंतर दर जत्रेआधी मुकादम प्रत्येक नव्या तांबटाला विचारू लागला, "कशी हवी हातोडी? ढोलासकट की ढोलाविना?" बहुतेकांना ढोल हवे असत. ते वाजत. पण अधूनमधून एखादा तरुण खाली मान घालून हळूच म्हणे, "ढोलाविना." आणि त्याला पुढं काही विचारलं जात नसे. कामाला बसायची वेळ आली की तो आपोआप ओढ्याच्या बाजूला जाई. तिथं कापूस घातलेल्या कानांची माणसं आधीच बसलेली असत, त्यांत एक पांढऱ्या मिशांचा आणि एक रुंद खांद्यांचा. ती फारसं बोलत नसत. थोडी सरकून त्याला जागा देत आणि पुन्हा आपापल्या कामाला लागत.

बोध: तुम्ही मोडलेले नाही आहात, सोंग टाका, तुम्हाला काय लागतं ते सरळ मागा आणि मागत राहा, कारण एकानं धीरानं मागितलेली जागा त्याच्यासारख्या सगळ्यांची होते.